पोटाला गुण, त्वचेला सबुरी: एका ऑनलाइन आहार-मार्गदर्शन सेवेचे परीक्षण

पचन सुधारले की चेहरा आपोआप उजळतो, असे सांगणाऱ्या सेवांची सध्या चलती आहे. जुनी बद्धकोष्ठता आणि हनुवटीभोवती सतत उठणारी मुरमे अशा दोन तक्रारी घेऊन मी त्यांपैकीच एका 12 आठवड्यांच्या ऑनलाइन आहार-मार्गदर्शनात दाखल झाले. पोटाच्या बाबतीत ही सेवा मी मनापासून सुचवेन. त्वचेच्या बाबतीत मात्र तिच्या जाहिरातीपेक्षा तिच्या आहारतज्ज्ञ बाईंचे ऐकावे.

पहिल्याच भेटीत बाईंनी काहीही बंद करायला सांगितले नाही, हे मला फार मोलाचे वाटते. आधी नोंदवही आली: काय खाल्ले, पाणी किती प्यायले, पोट कधी साफ झाले, झोप कशी लागली आणि चेहऱ्यावर नवी पुळी आली का. ती वाचून त्यांनी तंतुमय पदार्थांच्या कमतरतेवर बोट ठेवले. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला किमान 25 ग्रॅम तंतुमय पदार्थ सुचवते. माझ्या जेवणात त्याच्या निम्मेही भरत नव्हते. ते एकदम वाढवले तर गॅस होतो आणि पोट फुगते, म्हणून कडधान्ये, भाज्या, फळे आणि सालीसकट धान्य हळूहळू वाढवत न्यायचे आणि त्याच्या जोडीने पाणीही वाढवायचे, असा क्रम त्यांनी लावून दिला. मोठ्या आतड्यातील जिवाणू हे तंतू आंबवून ब्युटिरेटसारखी आम्ले तयार करतात आणि आतड्याच्या अस्तरातील पेशींना त्यांतून ऊर्जा मिळते, हे त्यांनी इतके सोपे करून सांगितले की पथ्य पाळणे जाचक वाटलेच नाही. पोट नियमित साफ होऊ लागले आणि जेवणानंतरचा जडपणा गेला.

त्वचेची गोष्ट इतकी सरळ नाही. आतडे, मन आणि त्वचा यांचा संबंध स्टोक्स आणि पिल्सबरी या त्वचारोगतज्ज्ञांनी 1930 मध्येच मांडला होता, आणि काही आजारांत तो स्पष्ट दिसतो: गहू-जवातील ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याच्या अस्तराला इजा होते अशा सिलिअॅक आजाराशी जोडलेले, प्रचंड खाज सुटणारे डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस हे पुरळ ग्लूटेन पूर्ण वर्ज्य केल्यावर आटोक्यात येते, अर्थात त्याला अनेक महिने लागतात. मुरमांच्या बाबतीत पुरावा मुख्यतः रक्तातील साखर झपाट्याने वाढवणाऱ्या आहाराकडे बोट दाखवतो. अशा आहाराने इन्सुलिन वाढते आणि त्याच्या पाठोपाठ त्वचेतील तेलग्रंथी अधिक सक्रिय होतात. म्हणजे इथे केवळ आतड्याला श्रेय देणे चुकीचे ठरेल. बाईंनी हे स्वच्छ सांगितले आणि माझे त्वचारोगतज्ज्ञांचे मलम बंद करू दिले नाही. मुरमे कमी झाली आहेत, पण त्यात आहाराचा वाटा किती आणि मलमाचा किती, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

सेवेचा खटकणारा भाग म्हणजे वरचेवर पुढे केली जाणारी, रक्तातील आयजीजी नावाची प्रतिपिंडे (शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीने बनवलेली प्रथिने) मोजून 'न मानवणारे पदार्थ' शोधणारी चाचणी. आयजीजी बहुधा इतकेच दाखवते की तो पदार्थ आपल्या खाण्यात आहे. अॅलर्जीतज्ज्ञांच्या मान्यवर संघटना या कामासाठी ही चाचणी करू नका असेच सांगतात. तिच्या भरवशावर दूध, गहू, अंडी असे एकेक ताटातून काढत गेले तर पोषण उणे पडते आणि खाण्याची धास्ती तेवढी मागे उरते. मी नकार दिल्यावर आग्रह झाला नाही, तरी ती यादीत असणेच चुकीचे आहे.

बद्धकोष्ठता, गॅस, अनियमित जेवण या तक्रारी असतील तर ही सेवा जरूर घ्यावी. शौचातून रक्त जात असेल, वजन विनाकारण घटत असेल किंवा मुरमांचे खोल, दुखरे गोळे होऊन व्रण राहत असतील, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवावे, कारण अशा तक्रारींची चौकशी या सेवेच्या नोंदणी अर्जात कुठेच केलेली नाही.