दाढीची वाटी घेताना बूड तपासा

सातशे तीस रुपये गेले. घर बुडावं अशी रक्कम नाही, आणि वस्तू म्हणजे दाढीचा फेस करायची वाटी. दोघा मित्रांना सांगितलं तर हसायलाच लागले. तरी लिहितोय, कारण मी आंधळेपणाने घेतली नव्हती. वजन करून घेतली, लोहचुंबक लावून घेतली, घरी आणून पुन्हा तोलली. एवढं सगळं करूनही फसलो. दिवाळीच्या आधी ठाण्यात अशा मालाचे स्टॉल पुन्हा लागतील, तेव्हा पितळेचं काहीही घेणाऱ्यांनी वाचावं.

मी ट्यूबमधलं क्रीम ब्रशने फेसाळून दाढी करतो. इतकी वर्षं स्टीलची आमटीची वाटी वापरली. ती ओल्या हातातून सटकते, पत्रा पातळ म्हणून गरम पाण्याने विसळली तरी मिनिटभरात गार पडते, आणि आतून इतकी गुळगुळीत की ब्रश नुसता फिरत राहतो. फेस दाट व्हायला वाटीच्या आत जरा खडबडीतपणा लागतो. ऑनलाइन खास दाढीच्या वाट्या पाहिल्या, चिनी मातीच्या, आत कंगोरे असलेल्या. मला आवडलेली हजाराच्या घरात. बायको म्हणाली, "अहो, हजार रुपयांच्या वाटीत निदान श्रीखंड तरी येतं का?" विषय संपला.

मग एका रविवारी तलावपाळीवरून परतताना एका हॉलमध्ये हस्तकलेचं प्रदर्शन दिसलं. दहा दिवसांचं, प्रवेश मोफत. एका टेबलावर पितळेचा माल होता: समया, तांबे, अडकित्ते आणि एक ओंजळीएवढी वाटी. आतून मठारलेली, म्हणजे हातोडीने ठोकून बारीक खड्डे उठवलेली. खाली चांगली बोटभर जाड बैठक. हातात घेतली तर मस्त जड लागली. मला हवी होती तशीच, जणू कोणीतरी माझ्या मापाने घडवून ठेवली होती.

विक्रेता गोड बोलायचा. "साहेब, नगावर नाही विकत आपण, तोलावर देतो. पितळ म्हणजे पितळ, फसवाफसवी नाही." भाव सांगितला ११५० रुपये किलो, हातघडाई धरून. काट्यावर ठेवली, ६४० ग्रॅम. मी काही म्हणायच्या आत त्यानेच खिशातून लोहचुंबक काढला, वाटीच्या कडेला आतून-बाहेरून फिरवला. चिकटला नाही. "लोखंड असतं तर धरलं असतं की नाही?" हिशेबाने ७३६ होत होते, सहा रुपये सोडले. मला तर वाटलं मीच फायद्यात राहिलो.

बिल मागितलं तर एका चिठोऱ्यावर 'पितळ वाटी १ नग, ७३०' असं लिहून दिलं. दुकानाचं नाव नाही, पत्ता नाही, जीएसटी क्रमांक नाही. पैसे क्यूआर कोडवर दिले, तिथे कोणा माणसाचं नाव आलं. हे सगळं मला त्या वेळी दिसलं होतं. पण माझा संशय होता काट्यावर, म्हणून घरी येऊन स्वयंपाकघरातल्या काट्यावर वाटी ठेवली. ६३८ भरली. झालं, माझं समाधान! काटा खरा निघाला म्हणून वाटीही खरी ठरवली.

पुढचे पंधरा-वीस दिवस छान गेले. गरम पाण्यात दोन मिनिटं वाटी बुडवून ठेवायची, बोराएवढं क्रीम, ओला ब्रश, आणि मलईसारखा फेस. मग एके दिवशी पांढऱ्या बेसिनवर वाटीच्या बुडाएवढं तांबूस कडं उमटलेलं दिसलं. वाटलं पितळेचा डाग असेल, चिंचेने घासलं. जाईना. पितळ काळवंडतं, त्याला हिरवट थर येतो, पण पितळेला तांबडा गंज येत नाही. चार दिवसांनी बुडाच्या सांध्यातून तपकिरी, चिकट काहीतरी पाझरू लागलं. फ्रिजवरचा चुंबक काढून बुडाला लावला. टपकन चिकटला, आणि तसाच राहिला. त्या माणसाने सगळीकडे फिरवला होता, बुडाला सोडून.

तेव्हा शाळेतल्या आर्किमिडीजची आठवण झाली. ताटात काठोकाठ भरलेलं पातेलं ठेवलं, वाटी हळूच पूर्ण बुडवली आणि ताटात सांडलेलं पाणी मापून घेतलं. साधारण १४० मिली भरलं. पितळेच्या एका घन सेंटिमीटरला साडेआठ ग्रॅमच्या आसपास वजन असतं, म्हणजे ६४० ग्रॅम खऱ्या पितळेने पाऊणशे मिली पाणी सारायला हवं होतं. सांडताना चार-पाच मिली इकडेतिकडे झालं असेल, पण जवळजवळ दुप्पट? लोखंडाचं एका घन सेंटिमीटरचं वजन जेमतेम आठ ग्रॅमच्या खाली. म्हणजे आत निव्वळ लोखंडही नव्हतं, त्याहून हलकं काहीतरी होतं.

वाटी घेऊन जांभळी नाक्याला गेलो. कोपिनेश्वर मंदिराच्या आसपास भांड्यांचा जुना बाजार आहे, तिथल्या एका म्हाताऱ्या दुकानदारांनी ती हातात घेतली, पालथी केली, बोटाच्या पेराने टिचकी मारली. बद्द आवाज आला. शेजारच्या तांब्याला मारली तर तो कितीतरी वेळ घुमत राहिला. "काका, आत ठोके आहेत बघा," ते म्हणाले. (मी त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान असेन, पण ठाण्यात गिऱ्हाईक काकाच.) "मठारलेली वाटी पत्र्याची असते. पत्रा ठोकून एवढं जाड बूड येईल कुठून? बैठक वेगळी करून डाग दिलाय." डाग म्हणजे झाळण, वितळवलेल्या धातूने दिलेला जोड. त्यांच्याकडे काम करणाऱ्या मुलाने पेचकस घालून सांधा उचकटला.

आत लोखंडाची गोल चकती, गंजलेली, आणि तिच्याभोवती राळ आणि वाळूचं भरण. माझ्या रोजच्या गरम पाण्याने राळ मऊ झाली, सांध्यातून पाणी आत गेलं, लोखंड गंजलं, तेव्हा कुठे ते बाहेर आलं. मी थंड पाणी वापरलं असतं किंवा ती वाटी शोकेसमध्ये ठेवली असती, तर नातवंडांना 'आजोबांची पितळी वाटी' म्हणून मिळाली असती! वरचं कवच खरं पितळ होतं, तोललं तर २५५ ग्रॅम. म्हणजे त्याने सांगितलेल्याच भावाने माल तीनशेचाही नाही. दुकानदार म्हणाले, समयांमध्ये हे फार जुनं आहे. पोकळ दांडा, पोकळ पाया, आत काहीतरी कोंबलेलं. वर बजावलं की अशा झाळणात शिसं असू शकतं, वाटी खायच्या वापरात घेतली नाहीत ते बरं. बायकोच्या श्रीखंडाची आठवण झाली.

हॉलवर गेलो तर तिथे लग्न चालू होतं. आयोजकांचा नंबर मिळवला, ते म्हणाले आम्ही फक्त टेबलं भाड्याने देतो. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला. तिथल्या मुलीने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, विक्रेत्याचं नाव, पत्ता? माझ्याकडे चिठोरं. चिडचिड याची होते की कायदा आपल्या बाजूचा आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, आणि सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा; बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांच्या आत घ्यावाच लागतो. त्यामुळे 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या पाटीला सदोष मालापुरता काही अर्थ नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीची फीसुद्धा नाही. पण तक्रार करायची कोणावर? त्या दिवशी टेबलापाशी उभा असताना बिलासाठी दोन मिनिटं हटून बसलो असतो, तर त्याने एकतर पत्ता दिला असता नाहीतर वाटी परत घेतली असती. दोन्हीत माझंच भलं होतं.

पितळेचं कवच दुकानदारांनी मोडीत घेतलं, शंभर रुपये दिले. तिथूनच दोन दुकानं पुढे चिनी मातीचा कानाचा सूप बाऊल नव्वदला मिळाला. जाड आहे, ऊब धरतो, कानात बोट घातलं की सटकत नाही. आत कंगोरे नाहीत, पण क्रीम किंचित जास्त आणि पाणी कमी घेतलं की फेस होतो. लोखंडाची चकती मात्र मी मागून घेतली. चिठोऱ्यात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवली आहे. प्रदर्शनाचा बॅनर दिसला की खिशात घालून जायचं ठरवलंय.