अँड्रॉइड की नवी ओएस? फोन कंपन्या का बिचकतात ते आधी पाहा

अँड्रॉइड सोडून नव्या ओएसचा (म्हणजे फोन चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचा) फोन घेऊ का, असं कुणी विचारलं की मी आधी एक गोष्ट सांगतो. फोन कंपन्या ज्या कारणांनी अशा ओएसला हात लावत नाहीत, तीच कारणं फोन घेतल्यावर तुमच्या वाट्याला येतात. म्हणून तुलना तिथूनच करू.

पहिली अडचण ड्रायव्हरची, म्हणजे ओएस आणि फोनचे भाग यांना जोडणाऱ्या सॉफ्टवेअरची. क्वालकॉम, मीडियाटेक यांच्यासारख्या कंपन्या चिपसोबत अँड्रॉइडसाठी लिहिलेलं सॉफ्टवेअरही देतात. त्यामुळे अँड्रॉइड फोन काढणाऱ्याला मोडेम, कॅमेरा, ग्राफिक्स यांचा पाया आयता मिळतो. नव्या ओएससाठी हे कुणी लिहायचं? सेलफिश आणि उबंटू टच या पर्यायी ओएसनी बऱ्याच फोनवर अँड्रॉइडचेच ड्रायव्हर मध्ये एक थर घालून वापरले. फोन चालू होतो, वायफाय मिळतं, पण कॅमेऱ्यात घोडं अडतं. माझ्या एका जुन्या फोनवर अशी पर्यायी ओएस आहे. अँड्रॉइड होतं तेव्हा तिन्हीसांजेचा फोटो नितळ यायचा. आता त्याच लेन्समधून दाणेदार येतो. अनेक फ्रेम जुळवून फोटो सुधारणारं सॉफ्टवेअर फोन कंपनीचं होतं, ते अँड्रॉइडबरोबरच गेलं.

अ‍ॅपचं दुखणं याहून मोठं आहे. लोक नाहीत म्हणून अ‍ॅप येत नाहीत आणि अ‍ॅप नाहीत म्हणून लोक येत नाहीत. मायक्रोसॉफ्टकडे पैसा होता, नोकिया सोबत होती, तरी विंडोज फोनला हे कोडं सुटलं नाही. त्यात २०१२ साली विंडोज फोन ८ आलं, तेव्हा आधीच्या विंडोज फोन ७ वाल्यांना ते मिळालंच नाही. मोझिलाने फायरफॉक्स ओएसचे फोन २०१३ मध्ये आणले आणि डिसेंबर २०१५ मध्ये त्यातून माघार जाहीर केली. हे पाहिलेली कोणतीही कंपनी कारखान्याची एक ओळ नव्या ओएसला देताना दहादा विचार करणारच, आणि त्यासाठी मी तिला दोष देत नाही.

यावर तोड म्हणून सेलफिशसारख्या ओएस अँड्रॉइडची अ‍ॅप आतल्या आत चालवतात. नकाशे, वाचनाची अ‍ॅप बहुधा चालतात. बँकेच्या अ‍ॅपवर मात्र भरवसा ठेवू नका. सिस्टिम गुगलने प्रमाणित केलेली आहे का, हे बरीच अ‍ॅप तपासतात. माझ्या फोनवर बँकेचं अ‍ॅप उघडतं, चिन्ह दाखवतं, डिव्हाइस सुरक्षित नसल्याचं सांगतं आणि बंद होतं.

करारांचा भाग थोडक्यात. अँड्रॉइडचे फोन काढणाऱ्या कंपन्यांनी त्याच्या विसंगत आवृत्त्यांचे फोन काढू नयेत, असं गुगलचे करार सांगत. अलिबाबाच्या अलियून ओएसवरचा एसरचा फोन २०१२ साली अनावरणाच्या तोंडावर रद्द झाला. ही अँड्रॉइडचीच विसंगत आवृत्ती आहे, असं गुगलचं म्हणणं होतं. युरोपीय आयोगाने २०१८ मध्ये गुगलला ४.३४ अब्ज युरोचा दंड ठोठावला, त्यात असे निर्बंधही एक कारण होते. हुआवेने स्वतःच्या ओएसची वाट धरली ती २०१९ मध्ये अमेरिकेच्या निर्बंधांनंतर, आणि अँड्रॉइडची अ‍ॅप पूर्ण सोडायला तिलाही २०२४ उजाडलं.

अपडेटच्या बाबतीत मात्र पारडं फिरू शकतं. अँड्रॉइडवर कंपनीने ठरवलेली मुदत संपली की फोन धड असूनही उघड्यावर पडतो. गुगल आणि सॅमसंग निवडक फोनना सात वर्षं देतात, इतर अनेक फोनना बरंच कमी मिळतं. उलट उबंटूच्या कॅनॉनिकल कंपनीने २०१७ मध्ये उबंटू टच सोडलं, तरी यूबीपोर्ट्स या गटाच्या स्वयंसेवकांनी ते आजवर चालू ठेवलंय. या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर आहे.

तुमच्याकडे एकच फोन असेल आणि बँक, तिकिटं, ऑफिस सगळं त्यावरच असेल, तर अँड्रॉइड घ्या. तक्रार फक्त गुगलबद्दल असेल तर पूर्ण नव्या ओएसपेक्षा गुगलच्या पिक्सेल फोनवर ग्राफीनओएस किंवा इतर फोनवर लिनेजओएस हा मधला पर्याय बरा; दोन्ही अँड्रॉइडवरच बेतलेल्या, पण गुगलच्या सेवा आधीपासून न घातलेल्या ओएस आहेत. अ‍ॅपचा प्रश्न पुष्कळ हलका होतो, बँकेचा पूर्ण सुटेलच असं नाही. दुसरा फोन असेल तर नवी ओएस जरूर वापरा, पण फोन आधी घेऊन मग ओएस शोधू नका. त्या ओएसची चालणाऱ्या फोनची यादी उघडा आणि कॅमेऱ्याच्याही आधी व्होल्टेची, म्हणजे ४जी नेटवर्कवरून कॉल करण्याच्या सोयीची ओळ पाहा. जिथे जुनी २जी-३जी नेटवर्क बंद झाली आहेत, तिथे व्होल्टे नसलेल्या फोनवर साधा कॉलही लागत नाही.