रचना आणि साधी यंत्रे: प्रयोगपाठांचा संच वर्षभर वापरल्यावर

तिसरी-चौथीच्या मुलांसाठीचा हा संच मी पहिल्या सत्रापासून वापरते आहे. पहिल्या आठवड्यातला उत्साह ओसरल्यावर काय टिकतं हे कळायला वेळ द्यावा लागतो, म्हणून इतके दिवस थांबून लिहितेय.

रचनांचा भाग मुलांना लगेच पकडतो. पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या टोकांना पिनांनी जोडून चौकोन करायचा आणि कोपरा ढकलायचा. तो लगेच कलंडतो. तीन पट्ट्यांचा त्रिकोण मात्र पट्टी वाकल्याशिवाय किंवा पिन निसटल्याशिवाय आकार सोडत नाही. मग चौकोनात तिरकी पट्टी कुठे लावायची, हे मुलं स्वतःच शोधतात. दोन पुस्तकांवर टेकवलेला साधा कागद लगेच झोळतो. त्याच कागदाला जवळजवळ घड्या घातल्या की तो नाण्यांचा ढीग पेलतो. नाणी ठेवण्याआधी अंदाज लिहून घ्या. अंदाज न लिहिलेलं मूल 'मला माहीतच होतं' म्हणून मोकळं होतं, आणि त्याचा विचार तिथेच थांबतो.

माझ्या मते संचाचा खरा कस यंत्रांच्या भागात लागतो, कारण तिथे मोजावं लागतं. आधी तरफ: ३० सेंमीची पट्टी मध्यावर टेकूवर तोलायची. एका बाजूला टेकूपासून ५ सेंमीवर दोन नाणी, दुसऱ्या बाजूला १० सेंमीवर एकच. पट्टी आडवी राहते. हा क्षण दरवेळी वर्गाला गप्प करतो, मग 'तीन नाणी ठेवली तर?' असे प्रश्न सुरू होतात. यानंतर १०० सेंमीची फळी एका टोकाला २५ सेंमी उचलून उतरण करायची. ४०० ग्रॅमची गाडी तिच्यावरून ओढली, तर उंची फळीच्या लांबीच्या पाव म्हणून हिशेबाने ताणकाट्यावर (ओढ मोजणाऱ्या स्प्रिंगच्या काट्यावर) पाव भार, म्हणजे १०० ग्रॅम यायला हवेत, पण काटा थोडा पुढेच जातो. तोच भार चाकांशिवाय ओढला की फारच पुढे. घर्षण शिकवण्याची यापेक्षा चांगली संधी मला माहीत नाही, आणि संचातल्या मार्गदर्शिकेत त्यावर जेमतेम दोन ओळी आहेत. ही या संचाची सगळ्यात मोठी उणीव.

चल कप्पीचंही, म्हणजे भाराबरोबर वर सरकणाऱ्या कप्पीचंही, तसंच. बल निम्मं लागेल असं लिहिलंय, पण रिळाची कप्पी पेन्सिलीवर घासते आणि तिचं स्वतःचं वजनही उचलावं लागतं, त्यामुळे काटा निम्म्यावर येत नाही. मुलं 'प्रयोग चुकला' म्हणतात. तेव्हा दोरा मोजायला लावा: भार १० सेंमी वर आला तर दोरा २० सेंमी ओढावा लागतो. हे माप मात्र बरोबर जुळतं. जोर वाचला, पण अंतर वाढलं, हे त्यांना इथे पटतं.

पाचरीचा पाठ अगदीच उरकलेला वाटला. स्क्रूचा छान आहे: कागदाचा काटकोन त्रिकोण पेन्सिलीला गुंडाळला की त्याची तिरकी कड मळसूत्रासारखी फिरत वर चढते, आणि उतरण केलेल्या मुलांना ती लगेच ओळखू येते. म्हणून पाठांचा क्रम बदलू नका.

गट तिघांचेच ठेवा. चौथं मूल बघत बसतं. ताणकाटे संचात कमी आहेत, तेवढे वेगळे घ्यावे लागतील. एका तासात दोन पाठ बसवायला जाऊ नका, तरफेला तर दोन तास द्या.