कॉफी चेनचं ॲप: काही महिने वापरल्यावर माझा सगळा राग त्या मिनिटांच्या आकड्यावर

पॉइंट्स, वॉलेट, आधी ऑर्डर टाकून पिकअप, हे सगळ्यांना माहितीये, त्यात जात नाही. चेन मोठी आहे, नाव मुद्दाम घेत नाहीये. लिहायचं कारण म्हणजे परवा ऑर्डर गायब झाली आणि रिफंडसाठी कस्टमर केअरशी भांडत बसावं लागलं, आणि शेवटी काय तर पॉइंट्स देऊन मोकळे झाले. पैसे घेतले होते ना, मग पैसेच परत द्या.

पण खरा राग त्या आकड्यावर. ऑर्डर टाकली की ॲप म्हणतं ३ ते ५ मिनिटं. गर्दी असो नसो, तेच. आणि आत जाऊन बघावं तर काउंटरमागे दोनच माणसं. एक जण हेडसेटवर ड्राइव्ह-थ्रूची (गाडीत बसूनच घेणाऱ्यांची) ऑर्डर ऐकत ऐकत दूध स्टीम करतोय, दुसरी कॅश सांभाळून मधेच बर्फ आणायला आत पळतेय. स्टिकरचा प्रिंटर थांबायचं नाव घेत नाही, लेबलांची पट्टी पार खाली लोंबतेय. एकेका लेबलवर ओट मिल्क, कमी बर्फ, जास्तीचं सिरप, वर कोल्ड फोम. आपल्याला ॲपमधे एक टॅप, तिकडे प्रत्येक वेळी ब्लेंडर धुवा.

मधे एक अपडेट आलं आणि आकडा खरा यायला लागला, १२ मिनिटं म्हणजे १२. तेव्हा मी चार स्टार द्यायच्या तयारीत होते. पण एखादा माणूस सुट्टीवर गेला की परत तेच रडगाणं. तिथल्याच एकीला विचारलं तर म्हणाली, कुठल्या शिफ्टला किती माणसं हे मागच्या विक्रीवरून सिस्टीम ठरवते, मॅनेजरच्या हातात फार काही नसतं. म्हणजे उशीर झाला म्हणून गिऱ्हाईक कमी, गिऱ्हाईक कमी म्हणून माणसांचे कामाचे तास कमी, तास कमी म्हणून अजून उशीर. ॲप ऑर्डरी मोजतं, हात मोजतच नाही!

आणि हे एकाच चेनचं नाही. स्टारबक्सचं तर सगळं जगजाहीर आहे. अमेरिकेत त्यांच्या ३० टक्क्यांच्या आसपास ऑर्डरी मोबाईलवरून येतात. डिसेंबर २०२१ मधे न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात त्यांच्या एका दुकानात कामगारांनी मतदान करून युनियन आणली, पुढे ५०० च्या वर दुकानं त्यात आली, आणि पगाराइतकीच मोठी मागणी काय तर शिफ्टला पुरेशी माणसं द्या. तिथे आरोग्य विमा मिळायला आठवड्याला सरासरी २० तास भरावे लागतात, म्हणजे तास कापले की विमाही धोक्यात. आपल्या पुण्याचे लक्ष्मण नरसिंहन २०२३ मधे सीईओ झाले, आधी स्वतः बरिस्ताचं, म्हणजे काउंटरमागे कॉफी बनवणाऱ्याचं, ट्रेनिंग घेतलं, मला मनापासून आवडलं होतं ते, पण ऑगस्ट २०२४ मधे त्यांना जावं लागलं. मग ब्रायन निकोल आले, चार मिनिटांत कॉफी हे टार्गेट ठेवलं, मेनू कमी केला, ऑर्डरींचा क्रम लावणारं सॉफ्टवेअर आणलं. आणि तरी २०२५ मधे दुकानांतले कामाचे तास वाढवायला ५० कोटी डॉलरच्या वर खर्च जाहीर करावाच लागला. सॉफ्टवेअर कितीही हुशार असलं तरी दूध तापवायला माणूस लागतोच ना.

म्हणून मला आता ॲपमधे एकच गोष्ट हवीये. माणसं कमी असतील तर त्या दुकानाच्या मोबाईल ऑर्डरी थोडा वेळ बंद करायचं बटण शिफ्टवाल्यांच्या हातात द्या, वर कोणाची परवानगी न मागता. मला "आत्ता ऑर्डर घेत नाही" असं दिसलं तर मी दुसरीकडे जाईन, पैसेही अडकणार नाहीत. आणि उशीर झाला म्हणून त्या पोरांवर ओरडू नका कोणी, तो आकडा त्यांनी टाकलेला नसतो.

चव चांगली, पॉइंट्स ठीक, रिफंड बेकार. सध्या दोन स्टार. वॉलेटमधे आहे तेवढं संपवतेय, नवीन पैसे टाकणार नाही.