‘हूज नेक्स्ट’: गुहागरच्या माजघरात ऐकलेली रेकॉर्ड

लंडनच्या ‘द हू’ या चौघांच्या वाद्यवृंदाची ‘हूज नेक्स्ट’ ही लाँग प्ले रेकॉर्ड ऑगस्ट १९७१ मध्ये निघाली. त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्याकडे ‘गरिबी हटाव’च्या घोषणेवर लोकसभा जिंकली गेली होती, तेव्हा घोषणांवरचा विश्वास उडाल्याचे गाणे ऐकण्याच्या मनःस्थितीत इथे फारसे कोणी असण्याचे कारण नव्हते, ती मनःस्थिती आपल्याला पुढे सावकाश लाभली. या रेकॉर्डची नव्याने छापलेली, १८० ग्रॅम वजनाची प्रत मी मुंबईच्या एका विक्रेत्याकडून साडेतीन हजारांच्या आसपास देऊन मागवली आणि यंदाचा पावसाळाभर ती घरी वाजवली. हा अभिप्राय त्या प्रतीविषयी आहे, आणि त्यातही मुख्यतः ‘वोन्ट गेट फूल्ड अगेन’ या तिच्या शेवटच्या गाण्याविषयी, कारण पैसे खऱ्या अर्थाने वसूल होतात ते तिथे.

कव्हरचा उल्लेख आधी केला पाहिजे, कारण मोबाइलच्या पडद्यावर नखाएवढे दिसणारे हे छायाचित्र बारा इंची आकारात पाहिले की निराळेच वाटते. इंग्लंडमधल्या ईझिंग्टनच्या कोळसा खाणीतून निघालेल्या टाकाऊ मातीच्या ढिगाऱ्यावर काँक्रीटचा एक ठोकळा उभा आहे, त्यावर ओघळ आहेत, आणि चौघे जण नुकतीच त्यावर लघवी करून पँट सावरत निघाल्यासारखे दिसतात. ज्या मुलखात पुढाऱ्यांच्या नावाची कोनशिला पुलाच्या आधी उभी राहते आणि कधी कधी पुलाशिवायच उभी राहते, तिथल्या माणसाला या चित्राचा अर्थ विचारावा लागत नाही.

रेकॉर्डवर एकूण नऊ गाणी आहेत. वाद्यवृंदाचे गिटारवादक आणि गीतकार पीट टाउनशेंड यांनी ‘लाइफहाउस’ नावाचा एक मोठा प्रकल्प मनात धरला होता, तो फसला, आणि त्यातून वाचलेल्या गाण्यांत थोडी भर घालून हे काम उभे राहिले. पहिल्या बाजूचे पहिले गाणे ‘बाबा ओरायली’. त्यातले ‘बाबा’ म्हणजे आपल्या पुण्यात १८९४ साली जन्मलेले आणि अहिल्यानगरजवळच्या मेहेराबादला समाधिस्थ असलेले मेहेरबाबा. नावाचा उरलेला भाग टेरी रायली या अमेरिकी संगीतकाराचा. ज्यांनी १९२५ पासून अखेरपर्यंत मौन पाळले, त्यांचे नाव इतक्या दणदणीत गाण्याला मिळावे, ही गंमत मराठी श्रोत्याने तरी लक्षात घ्यावी. बाकीच्या गाण्यांत ‘बिहाइंड ब्लू आइज’ चांगले आहे, ‘गोइंग मोबाइल’ मला आजही भरतीचे वाटते.

‘वोन्ट गेट फूल्ड अगेन’ दुसऱ्या बाजूच्या अखेरीस येते आणि साडेआठ मिनिटे चालते. ‘लॉरी’ बनावटीच्या ऑर्गनचा आवाज सिंथेसायझरमधून गाळून तयार केलेला एक स्पंदणारा स्वरपट्टा त्यात आरंभापासून चालू राहतो. एकल तबलावादनात लेहरा (साथीची एकच फिरती धून) जसा लय धरून फिरत राहतो आणि तबलजी त्याच्या अंगावर खेळतो, तसा कीथ मून या पट्ट्यावर ड्रम वाजवतो. फरक इतकाच की हा लेहरा आधी ध्वनिमुद्रित केलेला असल्यामुळे वादकासाठी क्षणभरही थांबत नाही. शेवटच्या दोन मिनिटांत बाकी सगळे गळून केवळ ऑर्गन उरतो, मग ड्रम परततात, आणि गायक रॉजर डाल्ट्रीची ती प्रसिद्ध किंकाळी येते. या प्रतीत त्या मधल्या पोकळीत सुईची चरचर जवळजवळ ऐकू येत नाही, ही तिची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणता येईल. सिंगलसाठी, म्हणजे एक-दोन गाण्यांच्या छोट्या तबकडीसाठी, केलेल्या आवृत्तीत हे गाणे साडेतीन मिनिटांवर आणले होते; ती ऐकून मत बनवू नये, कारण वाट पाहायला लावणे हाच या गाण्याचा मुद्दा आहे.

आशय थोडक्यात असा, की क्रांती होते, पाट्या बदलतात, आणि नवा धनी जुन्यासारखाच निघतो. आमच्या तालुक्यातल्या अंजनवेलला हे सगळे साग्रसंगीत घडले. १९९५ च्या विधानसभा निवडणुकीत एन्रॉन या अमेरिकी कंपनीचा वीजप्रकल्प अरबी समुद्रात बुडवू असे सांगितले गेले, सत्ताबदल झाला, ऑगस्टमध्ये करार रद्दही झाला, आणि पुढचे वर्ष उजाडता उजाडता तोच प्रकल्प, पहिल्यापेक्षा मोठा होऊन, नव्या अटींवर मंजूर झाला. २००१ मध्ये वीज मंडळाने महाग वीज घेणे थांबवले आणि त्याच डिसेंबरात अमेरिकेतली मूळ कंपनी दिवाळखोरीत गेली. माझे पहिले मत त्याच १९९५ च्या निवडणुकीतले. तेव्हापासून एसटी स्टँडवर ‘सगळे सारखेच’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की त्यात आता राग उरलेला नाही, सोय तेवढी उरली आहे.

या गाण्याला त्या सोयीच्या रांगेत बसवता येत नाही, म्हणून ते मला महत्त्वाचे वाटते. त्याचे ध्रुपद पुन्हा फसणार नाही असे म्हणते. कशात पडणारच नाही असे म्हणत नाही. हा फरक न ओळखता दोन्ही बाजूंनी त्याच्यावर हक्क सांगितला. मायकेल मूर यांना ते २००४ च्या आपल्या बुशविरोधी माहितीपटासाठी हवे होते, टाउनशेंड यांनी नकार दिला. २००६ मध्ये ‘नॅशनल रिव्ह्यू’ या उजव्या विचारांच्या नियतकालिकाने पुराणमतवादी रॉक गाण्यांच्या यादीत त्याला पहिले स्थान दिले, तेव्हा आपल्या आयुष्याच्या गाभ्याशी जे आहे ते राजकारणी किंवा क्रांतिकारक यांपैकी कोणालाच विकाऊ नाही, अशा आशयाचे उत्तर टाउनशेंड यांनी लिहिले. तोवर हेच गाणे मायामीतल्या गुन्हे तपासाच्या एका दूरचित्रवाणी मालिकेच्या नामावलीवर चार वर्षे वाजत होते, ही गोष्ट वेगळी. गायकाची भूमिका आणि गायकाचा व्यवहार यांचा मेळ बसलाच पाहिजे असा आग्रह मी धरत नाही. पुढाऱ्यांच्या बाबतीत मात्र धरतो, कारण गायकाला मी मत दिलेले नाही.

खरेदीविषयी सांगायचे तर, ज्यांच्याकडे बरा टर्नटेबल आणि वेगळे स्पीकर नाहीत त्यांनी ही प्रत घेऊ नये. सूटकेससारख्या खेळण्यातल्या प्लेअरवर जड सुईने खोबणी खराब होतील आणि ड्रमचा गोंगाट होईल. पार्सलमध्ये कव्हरचा एक कोपरा दुमडून आला, तबकडीला मात्र इजा नव्हती. कोकणात खरा शत्रू बुरशी आहे: जुलैत आतल्या कागदी पाकिटावर पांढुरके ठिपके दिसू लागले, तेव्हा ते फेकून प्लास्टिकचे अस्तर असलेले पाकीट घातले, रेकॉर्ड पडवीतल्या खाऱ्या वाऱ्यातून माजघरातल्या कपाटात उभी ठेवली आणि शेजारी सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या. पुड्या ओलावल्या की तव्यावर मंद आचेवर कोरड्या करून पुन्हा वापरता येतात. रंगीत तबकड्यांसाठी जादा पैसे मोजण्यात मला अर्थ दिसत नाही. साधी काळी घ्यावी, आणि भादव्यानंतर हवा कोरडी झाल्यावर मागवावी.