एफ्तेलिंगमधील सकाळ: मुले बरोबर नसतानाही जावे असे उद्यान

नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांत एफ्तेलिंग या परीकथांच्या मनोरंजन उद्यानाचे नाव सहसा मुलांच्या वाढदिवसाच्या किंवा भारतातून आलेल्या पाहुण्यांच्या निमित्ताने निघते, आणि मुले शिक्षणासाठी दुसऱ्या शहरात गेली की ते आपोआप मागे पडते. माझे पती आणि मी, दोघेही पन्नाशीला टेकलेले, सप्टेंबरअखेरच्या एका मंगळवारी रजा काढून केवळ आमच्या दोघांसाठी तिथे गेलो, आणि माझे मत असे झाले की हे उद्यान खऱ्या अर्थाने पाहण्याची सवड मुले बरोबर नसतानाच मिळते. मुले असली की कोणाला तहान लागली, कोणाची उंची पाळण्याला पुरत नाही, कोणाचा रुसवा काढायचा आहे, यांतच दिवस सरतो. दोघेच असलो की नजर भिंतीच्या विटांकडे आणि छपराच्या गवताकडे जाते, आणि एफ्तेलिंगचे मोठेपण नेमके तिथे आहे.

उत्तर ब्राबंट प्रांतातील काट्सहेव्हल या छोट्या गावालगत हे उद्यान आहे. १९३०च्या दशकात स्थानिक धर्मगुरूंच्या पुढाकाराने तिथे खेळाचे मैदान झाले, १९५० साली त्यासाठी एक न्यास स्थापन करण्यात आला आणि ३१ मे १९५२ रोजी दहा परीकथांचे जंगल लोकांसाठी खुले झाले. त्या जंगलाचे चित्रकार आंतोन पीक होते, तर चित्रांतली पात्रे हलती-बोलती करण्याचे काम पीटर रैंडर्स यांनी केले. आज वर्षाला पन्नास लाखांहून अधिक लोक इथे येतात, पण उद्यानाचा स्वभाव अजूनही त्या जंगलाने ठरवलेला आहे: वेगवान पाळणासुद्धा (रोलर कोस्टर) इथे एखादी गोष्ट सांगण्यासाठी उभारला जातो. ती गोष्ट वजा केली, तर उरणारा वेग युरोपातील इतर उद्यानांच्या मानाने मध्यमच म्हणावा लागेल.

प्रवेशद्वार ही इथली पहिली पाहण्याजोगी वस्तू आहे. पंचेंद्रियांचे घर असे नाव असलेल्या या इमारतीवर उंच सुळक्यांचे प्रचंड गवती छप्पर आहे, आणि गवताने शाकारलेली घरे ज्यांनी कोकणात पाहिली आहेत त्यांना एवढ्या उंचीवर आणि एवढ्या तिरक्या उतारावर ते गवत कसे बसवले असेल, हा प्रश्न हमखास पडेल. इथे थांबून छायाचित्रे काढण्याचा मोह मात्र परतीच्या वेळेपर्यंत आवरावा. दहाच्या सुमारास पाळणे सुरू होतात, आणि पहिल्या तासाभरात जे पदरात पाडून घेता येते त्यासाठी दुपारी बराच काळ रांगेत उभे राहावे लागते. आम्ही परीकथांचे जंगल मुद्दाम उजवीकडे टाकले आणि थेट राउखरैक या भागाकडे चालू लागलो, कारण तीन महत्त्वाचे वेगवान पाळणे तिथे एकमेकांच्या शेजारी आहेत. पोट रिकामे असताना ते उरकून घेणे पन्नाशीत अधिक शहाणपणाचे ठरते.

बारोन १८९८ हा त्यांपैकी सर्वांत धाडसी. २०१५ साली सुरू झालेल्या या पाळण्याची कथा सोन्याच्या खाणीच्या लोभी मालकाची आहे: जमिनीखालच्या सोन्याचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या वस्त्रांतील भुतणी त्याला खोदू नको म्हणून बजावतात आणि तो ऐकत नाही. आपण या खाणीतले नवे मजूर, अशी कल्पना आहे, म्हणून रांग खाणीच्या इमारतीतून जाते, आणि यंत्राची चाके, लोखंडी जिने, विटांच्या कमानी यांत कुठेही पुठ्ठ्याचा भास होत नाही. मग पायांखाली फरशी नसलेल्या आसनांवर बसून गाडी मनोऱ्यावर चढते, कड्यावर येते आणि तिथेच काही क्षण धरून ठेवली जाते. पाळण्याचे सगळे मर्म त्या थांबण्यात आहे. खाली धुक्याने भरलेले काळे विवर सरळ दिसत असते, शेजारी बसलेला माणूस काहीतरी बोलू पाहतो आणि त्याचे वाक्य पूर्ण होत नाही. साडेसदतीस मीटरांची ती जवळजवळ उभी उडी ताशी ९० किलोमीटरच्या वेगाने जमिनीच्या आत जाते, बाहेर येताच गाडी दोनदा उलटी होते, आणि आपल्याला काय झाले हे कळेपर्यंत प्रवास संपतो. लांबी जेमतेम पाचशे मीटर असल्याने तो तोकडा आहे, ही तक्रार रास्त आहे. तरीही त्या थांबण्यातली भीती इतकी नेमकी रचलेली आहे की मला लांबीची उणीव भासली नाही. माझ्या पतींना भासली. उतरताच पुन्हा रांगेत शिरण्याचा त्यांचा आग्रह मी मोडून काढला.

शेजारचा योरिस आणि ड्रॅगन मात्र आम्ही पुन्हा केला, आणि जोडप्याने जावे असा पाळणा कोणता, असे विचारल्यास मी याचेच नाव सांगेन. २०१० साली तळ्यावर उभारलेल्या या लाकडी रचनेत पाणी आणि अग्नी अशा नावांचे दोन स्वतंत्र मार्ग आहेत. दोन्ही गाड्या एकाच वेळी सुटतात आणि शर्यत लावतात. पती पाण्याच्या गाडीत आणि मी अग्नीच्या गाडीत, अशी विभागणी केली. मार्ग कधी एकमेकांपासून दूर जातात, तर कधी इतके जवळ येतात की समोरच्या गाडीतील ओळखीचा चेहरा ओरडताना स्पष्ट दिसतो. लाकडी मार्गावरचा प्रवास पोलादी मार्गासारखा गुळगुळीत नसतो. सांगाड्याचा खडखडाट हाडांपर्यंत पोहोचतो, आणि मानेचे किंवा कमरेचे दुखणे असणाऱ्यांनी त्याचा विचार करावा. पण ताशी ७५ किलोमीटरचा वेग लाकडावर दुप्पट वाटतो. पहिली फेरी पाण्याने जिंकली. दुसऱ्या फेरीत आम्ही बाजू बदलल्या, तरी पतीच जिंकले, त्यामुळे गाडीतल्या माणसांच्या वजनावर निकाल ठरत असावा, अशी माझी पक्की समजूत झाली आहे.

तिसरा पाळणा उडत्या डचमनचा, २००७ सालचा. गर्विष्ठ कप्तान, शापित जहाज आणि कधीही न संपणारा समुद्रप्रवास ही दंतकथा सर्वश्रुत आहे, पण एफ्तेलिंगने ती सतराव्या शतकातील डच ईस्ट इंडिया कंपनीच्या भरभराटीच्या काळात घट्ट बसवली आहे. याच कंपनीची वखार त्या शतकात आपल्या वेंगुर्ल्यालाही होती, त्यामुळे बंदराच्या देखाव्यातील पेटारे, पिंपे आणि दोरखंड पाहताना मराठी माणसाला हा इतिहास अगदीच परका वाटत नाही. होडी आधी काळोखातून संथ जाते, मग धुक्यातून भुताचे जहाज अंगावर येते, आणि त्यानंतर तीच होडी रुळांवर चढून उघड्या आकाशात उसळते व शेवटी तळ्यात आपटते. देखाव्यांचा संथ प्रवास, वेगवान कोस्टर आणि पाण्याची घसरगुंडी या तीन प्रकारांचे हे मिश्रण कागदावर आकर्षक असले तरी प्रत्यक्षात पहिला भाग दुसऱ्यापेक्षा फार सरस आहे. बाहेर पडल्यावरची वळणे सामान्य वाटतात. हवा गार असेल तर पातळ रेनकोट जवळ ठेवावा.

याच भागातील पिथॉन १९८१चा असून २०१८ साली त्याचा जुना मार्ग काढून त्याच आराखड्याचा नवा बसवण्यात आला. तो चार वेळा उलटा फिरवतो, कथा मात्र सांगत नाही, म्हणून आम्ही तो टाळला. डोलणाऱ्या जहाजाचा पाळणाही सोडला. आपल्या जत्रांतील होडीच्या पाळण्याचे ते थोरले भावंड आहे, आणि तो अनुभव घेण्यासाठी काट्सहेव्हलपर्यंत येण्याची गरज नाही.

साडेअकरानंतर गर्दी वाढू लागली तेव्हा आम्ही वेगाचा नाद सोडला. उद्यानाच्या ॲपवर प्रत्येक ठिकाणी किती वेळ थांबावे लागेल ते दिसते आणि ते पाहूनच पुढचे ठरवणे सोयीचे पडते. दांस माकाब्र इथला सर्वांत नवा मोठा प्रयोग आहे. जुन्या भुताच्या वाड्याच्या जागी ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी तो सुरू झाला, आणि त्या वाड्यात वाजणारे फ्रेंच संगीतकार सें-साँस यांचे संगीत नव्या वास्तूतही कायम ठेवले आहे. पडक्या मठातील बाकांवर बसलेल्या शंभरावर माणसांसह सबंध व्यासपीठ फिरते, कलते, खाली कोसळल्यासारखे होते आणि पुन्हा उठते. व्हायोलिनच्या प्रत्येक झटक्याबरोबर आसन हलते, त्यामुळे आपण संगीत ऐकत नसून त्यात सापडलो आहोत असे वाटते. वास्तूच्या भव्यतेच्या मानाने प्रत्यक्ष भीती थोडी आहे. भीतीसाठी न जाता एखाद्या मैफलीला जावे तसे जावे.

त्यामानाने १९९६चा व्हिला व्होल्टा जुना आहे, पण युक्तीच्या दृष्टीने मला तो अधिक आवडला. मठ लुटल्यामुळे शापित झालेल्या ह्युगो नावाच्या माणसाचे हे घर. नवजात बालकाइतके निष्पाप मन असलेला पाहुणा आल्याशिवाय त्याला शांती मिळणार नाही, असे आरंभी सांगितले जाते. आमच्या भेटीने शाप उतरला नाही, हे वेगळे सांगायला नको. आतल्या खोलीत सर्वजण बाकांवर बसतात आणि घर उलटेपालटे होऊ लागते. बाके किंचितच झुलतात, फिरते ती भोवतालची खोली. पण डोळे सांगतात ते आणि कानातील तोलाची जाणीव सांगते ते जुळत नाही, म्हणून आपण छताला टांगलो गेलो आहोत अशी मेंदूची खात्री पटते. हे सारे ठाऊक असूनही मी बाकाची दांडी सोडली नाही. या ठिकाणी प्रास्ताविक भाग मोठा असून तो डच भाषेत आहे, तेव्हा ज्यांना ती भाषा येत नाही त्यांनी ह्युगोची गोष्ट आधी वाचून जावे, नाहीतर निम्मी गंमत हुकते.

व्हिला व्होल्टाचे रचनाकार टोन फान द फेन यांचेच १९९३चे ड्रोमव्लुख्त, म्हणजे स्वप्नातले उड्डाण, हे माझ्या मते एफ्तेलिंगचे हृदय आहे. वरच्या रुळाला टांगलेल्या लहान पाळण्यात बसून आपण अधांतरी तरंगणारे किल्ले, पऱ्यांचे वन, दवाने भिजलेली झाडे आणि चिखलात बसलेले मिस्कील राक्षस यांच्यामधून जातो, आणि शेवटी अंधाऱ्या रानात गोल गोल फिरत खाली उतरतो. यात धक्का नाही, विनोद नाही, कथानकही जवळजवळ नाही. तरी एकेका पानावर पडलेला प्रकाश इतक्या विचाराने योजलेला आहे की त्या काही मिनिटांत आम्ही दोघे एकमेकांशी एक शब्दही बोललो नाही. २०१७चा सिम्बोलिका महाल तंत्राने याहून पुढारलेला आहे. त्यातील गाड्या रुळांविना स्वतःची वाट शोधतात आणि चढताना तीन मार्गांपैकी एक निवडता येतो. तो झगमगीत आहे, मुलांना प्रिय आहे, आणि मला तो ड्रोमव्लुख्तच्या जवळपासही पोहोचलेला वाटला नाही.

परीकथांच्या जंगलासाठी आम्ही शेवटचा तास ठेवला होता, तो अपुरा पडला. दहा कथांपासून सुरू झालेल्या या जंगलात आता त्यांच्या सुमारे तिप्पट कथा आहेत. पीक यांनी खऱ्या विटा, खरे लाकूड आणि विटके रंग यांचा आग्रह धरला होता, म्हणून इथली घरे मुळातच जुनी दिसतात आणि पुढे जुनी झाली तरी बिघडत नाहीत. मान लांबलचक उंच करणारा लांगनेक, कोणी घातलेले नसताना नाचणारे लाल जोडे, आणि तोंड उघडून कागदाचे कपटे ओढून घेणारा लठ्ठ खैस, ज्याला खाऊ घालण्यासाठी लहान मुले जमिनीवर कचरा शोधत फिरतात, हे सारे आवर्जून पाहावे. स्वच्छतेची याहून चतुर योजना मी पाहिलेली नाही. भारतीय कमळे नावाची १९६६ची गुहाही इथेच आहे. तिची कथा बेल्जियमच्या राणी फाबिओला यांनी लिहिलेली. रात्री कमळे उमलतात आणि त्यांतून पऱ्या नाचू लागतात, असा तो देखावा. त्यात भारत शोधायला जाऊ नये, तो तिथे नाही; पण बेडूक वाद्ये वाजवू लागले की ही हरकत घेण्याची इच्छाच उरत नाही.

खाण्याबाबत अपेक्षा माफक ठेवाव्यात. शाकाहारी माणसाची सोय तळलेले बटाटे, पॅनकेक आणि पोफर्च्येस (छोटे फुगीर डच पॅनकेक) यांवर होते. पॅनकेकमध्ये आणि बटाट्यांवरच्या मेयोनीजमध्येही अंडे असते, हे अंडे न खाणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. तिकीट सबंध दिवसाचे असते, त्याचा दर तारखेनुसार बदलतो आणि ते आधी ऑनलाइन घेतलेले बरे. आत गेल्यावर पाळण्यांसाठी वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत, त्यामुळे केवळ सकाळपुरते जाणे हिशेबाने महाग पडते, तरी आमच्या वयाला तेवढेच पुरेसे वाटले. टिलबर्ग आणि डेन बॉश या दोन्ही रेल्वे स्थानकांवरून थेट बस मिळते. उद्यान वर्षाचे ३६५ दिवस उघडे असते, पण डच शाळांच्या सुट्ट्या विभागवार वेगवेगळ्या आठवड्यांत येतात, म्हणून तारीख ठरवण्यापूर्वी तिन्ही विभागांचे वेळापत्रक पाहून घ्यावे. ज्या जोडप्यांना केवळ उंची आणि वेग हवा आहे, त्यांनी फ्लेव्होलँड प्रांतातील वालिबी हॉलंड हे उद्यान गाठावे. तिथला गोलायथ हा पाळणा बारोनपेक्षा उंच आहे आणि त्यात बसताना कोणतीही गोष्ट ऐकावी लागत नाही.