फुकटच्या फॉर्मचे पंचवीस हजार

थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड फुकट असतं. माणशी पैसे नाहीत, लहान मुलांचे नाहीत, तातडीचे म्हणून वेगळेही नाहीत. त्याच फॉर्मसाठी आमच्या पाच जणांचे २५,३१४ रुपये ४१ पैसे गेले. सांगायची लाज वाटते, म्हणून दोन महिने घरातसुद्धा पूर्ण आकडा सांगितला नव्हता.

१ मे २०२५ पासून थायलंडला उतरणाऱ्या प्रत्येक परदेशी माणसाला हा फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो. शोधलं की सगळ्यात वर जाहिरातीची साइट येते. झेंडा, राजमुद्रेसारखं काहीतरी, खाली बारीक अक्षरात ‘आम्ही सरकारी नाही’. ते बारीक अक्षर मी वाचलं नाही, तुम्हीही वाचत नाही. माणशी ४९ डॉलर, पाच जणांचे २४५.

आता म्हणाल, पैसे मागितल्यावर तरी शंका यायला हवी होती. का यावी? व्हिएतनामच्या ई-व्हिसाला सरकारच २५ डॉलर घेतं, तेही ऑनलाइन, कार्डावरूनच. एका देशाला लागतात, तर शेजारच्यालाही लागत असतील असं वाटलं, यात मूर्खपणा कुठला?

मूर्खपणा दुसरीकडे झाला. सरकारी साइट हा फॉर्म उतरण्याच्या आधीच्या तीन दिवसांतच घेते. मी १९ दिवस आधी बसलो होतो. विमानाचा नंबर, हॉटेलचा पत्ता, गेल्या १४ दिवसांत कुठले देश केले, सगळं भरलं आणि साइटने ते मुकाट घेतलं. तीन दिवसांचा नियम मी स्वतःच एका मित्राला आदल्या आठवड्यात सांगितला होता! तरी ‘चला, एक काम हातावेगळं झालं’ म्हणून खूश झालो. या लोकांचा धंदाच त्यावर चालतो. फॉर्म लवकर घेऊन ठेवायचा आणि तीन दिवस उरले की तोच फॉर्म सरकारी साइटवर फुकट भरून त्याचा क्यूआर कोड तुम्हाला पाठवायचा.

मग कार्ड. नंबर, तारीख, मागचे तीन आकडे टाकले आणि ओटीपीसाठी फोन हातात घेऊन बसलो. ओटीपी आलाच नाही. थेट मेसेज आला, व्यवहार झाला. ओटीपीसारख्या जादा पडताळणीची सक्ती आपल्या देशातल्या व्यवहारांना आहे. परदेशातली साइट ओटीपी न मागता पैसे ओढू शकते. हे मला माहीत होतं हो! पण माहीत असणं आणि त्या क्षणी आठवणं वेगळं. तिथेच बँकेच्या ॲपमध्ये जाऊन आंतरराष्ट्रीय ऑनलाइन वापर बंद केला असता, तर पुढचा फटका वाचला असता.

८५.६० च्या दराने २०,९७२ रुपये. त्यावर बँकेचा साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे परकीय चलनाच्या व्यवहाराचा आकार, ७३४.०२ आणि मार्कअपवर १८ टक्के जीएसटी १३२.१२. झाले २१,८३८.१४. नऊ दिवसांनी त्याच साइटने आणखी ३९ डॉलर ओढले. फॉर्मच्या तळाशी ‘कागदपत्र सुरक्षा’ नावाचा चौकोन आधीच टिक केलेला होता म्हणे. ते ३,४७६.२७.

यापुढे चोरांपेक्षा आपल्याच लोकांनी जास्त छळलं. बँकेच्या हेल्पलाइनवर पहिला प्रश्न, ‘सर, कार्डाचे डिटेल्स तुम्हीच टाकले ना?’ हो म्हटलं की विषय संपला. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात, तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, असं आहे. पण ते तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांना. तुम्ही स्वतः केलेला व्यवहार त्यात बसत नाही. हेल्पलाइनवरच्या बाई म्हणाल्या, ‘फ्रॉड म्हणून नोंदवू का? मग कार्ड लगेच ब्लॉक होईल, नवीन सात कामाच्या दिवसांत.’ विमान पाच दिवसांवर होतं. पहिला व्यवहार सोडा, दुसरे ३९ डॉलर मी मंजूर केले नव्हते असं सांगितलं, तर उत्तर आलं की फॉर्म एकच आहे. सायबर गुन्ह्यांच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून घेतली, नंबर मिळाला. पोलीस ठाण्यात गेलो तर हवालदार म्हणाले, ‘तुम्हाला क्यूआर मिळाला ना? मग फसवणूक कसली?’ आणि ४१ दिवसांनी बँकेचं पत्र: सेवा मिळालेली आहे, दावा फेटाळला. सोबत त्या साइटने पाठवलेला पुरावा, त्यात माझाच क्यूआर आणि तो टिक केलेला चौकोन. बँक माझी, आणि पानं वकिली करत होती त्यांची. आता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दिलंय. तिथे जाण्याआधी बँकेला ३० दिवस द्यावे लागतात, म्हणजे तक्रार लेखी आणि तारखेसकट ठेवा, फोनवरचं बोलणं मोजलं जात नाही.

साइटच्या पत्त्याचा शेवट बघा. थायलंडचा डॉट गो डॉट टीएच, सिंगापूरचा डॉट गव्ह डॉट एसजी, मलेशियाचा डॉट गव्ह डॉट एमवाय. त्या दोघांचीही अरायव्हल कार्डं फुकट आहेत आणि त्यांचीही तीन दिवसांचीच मुदत. थायलंडच्या फॉर्ममध्ये एका वेळी दहा जण बसतात आणि चूक झाली तर नंतर दुरुस्तही करता येते. एजंट लागतोच कशाला?

कार्डाचे परदेशी स्विच ॲपमध्ये वेगवेगळे असतात: एटीएम, दुकानातलं मशीन, ऑनलाइन. ऑनलाइनचा पैसे भरताना दहा मिनिटं चालू करा, मर्यादा हव्या त्या रकमेपुरती ठेवा, लगेच बंद करा. प्रवासात दोन कार्डं, दोन वेगळ्या बँकांची, दोन वेगळ्या खिशांत.

थायलंडमधल्या दुकानात मशीन विचारतं, बाट की रुपये? बाट. नेहमी बाट. रुपये दाबलेत की दर दुकानदाराच्या बँकेचा, आणि काही भारतीय बँका त्यावरही वेगळा आकार लावतात. एटीएमवर ‘कन्व्हर्जन नाकारा’, म्हणजे रुपयांत हिशोब नको, असं दाबलं तर व्यवहार रद्द होईल असं वाटतं. होत नाही, नोटा येतात. मात्र थाई एटीएम दर वेळी २२० बाट किंवा त्याहून जास्त स्वतःचे कापतं, तेव्हा हजार-हजार बाट काढत बसू नका.

बँकॉकला काउंटरवरच्या बाईंनी पासपोर्ट स्कॅन केले, बोटांचे ठसे घेतले, शिक्का मारला. पाच जणांचे रंगीत छापलेले क्यूआर मी पुढे सरकवले, ते त्यांनी न बघताच परत केले. त्या प्रिंटचे ५० रुपये वरच्या हिशोबात धरलेले नाहीत.